एका सिद्धान्ताची मोजणी : नैराश्य, चिंता आणि मेंदूतील सेरोटोनिन

मनाच्या खिन्नतेला शरीरातील कोणत्या तरी द्रव्याची विकृती कारण असली पाहिजे, ही कल्पना वैद्यकाइतकीच जुनी आहे. ग्रीक वैद्यांनी तिचा संबंध कृष्णपित्ताशी जोडला, आयुर्वेदाने उन्मादाची मीमांसा वातादि दोषांच्या प्रकोपातून केली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या जुन्याच अपेक्षेने सेरोटोनिन हे नवे नाव धारण केले. कृष्णपित्त कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते आणि दोषांचे वजन कोणी तराजूत घातले नव्हते; सेरोटोनिनच्या बाबतीत मात्र असे घडले की, ज्या द्रव्यावर आरोप ठेवला गेला, त्याच्या कारभाराची मोजणी जिवंत आणि जागृत माणसाच्या मेंदूत, त्याच्या कवटीला धक्का न लावता, करण्याची साधने शास्त्राच्या हाती आली. त्या मोजणीने जी साक्ष दिली ती सिद्धान्ताच्या कैवाऱ्यांना पूर्णपणे अनुकूल नव्हती आणि त्याच्या विरोधकांनाही पूर्णपणे सोयीची नव्हती. सुमारे पाऊणशे वर्षांचा तो वृत्तान्त प्रस्तुत लेखात क्रमवार सांगण्याचा मानस आहे.

या द्रव्याचा शोध मनाच्या अभ्यासातून लागलेला नाही. १९३० नंतरच्या दशकात इटलीतील पाव्हिया येथे व्हित्तोरिओ एर्स्पामेर हे तरुण संशोधक आतड्याच्या अंतस्त्वचेतील विशिष्ट पेशींचा अर्क काढून स्नायूंवर त्याचा काय परिणाम होतो हे तपासत होते. त्या अर्कातील आकुंचनकारी द्रव्याला त्यांनी एंटेरामिन असे नाव दिले. तिकडे अमेरिकेत क्लीव्हलंड येथे रक्तदाबाचे अभ्यासक अर्व्हिन पेज निराळ्याच अडचणीत सापडले होते. रक्त गोठले म्हणजे त्यातून सुटणारा कोणता तरी पदार्थ रक्तवाहिन्या आवळीत असे आणि त्या पायी त्यांचे प्रयोग बिघडत. या उपद्रवाचा बंदोबस्त करण्यासाठी त्यांनी मॉरिस रॅपोर्ट आणि आर्डा ग्रीन या दोघा रसायनज्ञांना सोबत घेतले, आणि १९४८ मध्ये या त्रयीने गुरांच्या रक्तद्रवातून तो पदार्थ स्फटिकरूपाने वेगळा काढून त्याला सेरोटोनिन हे नाव दिले. पुढच्याच वर्षी रॅपोर्ट यांनी त्याची रासायनिक घडण निश्चित केली. आणि १९५२ मध्ये एर्स्पामेर यांचे एंटेरामिन व पेज यांचे सेरोटोनिन ही एकच वस्तू असल्याचे सिद्ध झाले. शरीरातील या द्रव्याचा सुमारे ९० टक्के हिस्सा आतड्यातच असतो, आणि मेंदूच्या वाट्याला फार थोडा येतो, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मेंदूत ते असावे असा तर्क एका तरुण विदुषीने केला. बेटी ट्वारॉग या हार्वर्ड विद्यापीठात शिंपल्यांच्या स्नायूंचा अभ्यास करीत होत्या. ते स्नायू सेरोटोनिनने शिथिल होतात हे त्यांच्या लक्षात आले, आणि क्षुद्र जलचराच्या मज्जातंतूंत जे द्रव्य काम करते ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूत का नसावे, हा प्रश्न घेऊन त्या १९५२ मध्ये पेज यांच्याकडे गेल्या. पेज यांचा या कल्पनेवर विश्वास नव्हता. तथापि त्यांनी बाईंना प्रयोगशाळा उपलब्ध करून दिली, आणि ही उदारता शास्त्राच्या इतिहासात नमूद करण्याजोगी आहे. तिसऱ्यांच्या जातीच्या एका शिंपल्याचे हृदय सेरोटोनिनच्या अत्यल्प अंशानेही उद्दीपित होते. त्याच हृदयावर प्राण्यांच्या मेंदूच्या अर्काची परीक्षा घेऊन ट्वारॉग यांनी मेंदूत सेरोटोनिन असल्याचे दाखविले, आणि १९५३ मध्ये त्यांचा व पेज यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास एल.एस.डी. हे भ्रमोत्पादक द्रव्य ऊतींवर सेरोटोनिनला विरोध करते हे निदर्शनास आले होते. त्यावरून न्यूयॉर्क येथील वूली आणि शॉ यांनी १९५४ मध्ये असे अनुमान मांडले की, काही मनोविकार मेंदूतील सेरोटोनिनच्या बिघाडातून उद्भवत असावेत. आतड्यातील एक सामान्य द्रव्य अशा रीतीने मनाच्या दरबारात रुजू झाले.

याच टप्प्यावर या इतिहासात मुंबईचा प्रवेश होतो. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या देशात निद्रानाश, उन्माद आणि सर्पदंश यांवर पूर्वापार वापरात होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या कलकत्त्याच्या वैद्यकज्ञांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर तिच्या मुळाचा उपयोग होतो असे लिहून ठेवले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी याच मुळीची रक्तदाबाच्या रुग्णांवर पद्धतशीर परीक्षा घेतली आणि १९४९ मध्ये आपले निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या एका निबंधाने पाश्चात्त्य वैद्यकाची दृष्टी सर्पगंधेकडे वळली. १९५२ मध्ये बाझल येथील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातील प्रभावी अल्कलॉइड, रिसर्पिन, शुद्ध स्वरूपात वेगळे केले, आणि लवकरच न्यूयॉर्क संस्थानातील मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले. १९५७ च्या लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन या दोघांचीही नावे होती.

रिसर्पिन मेंदूत नेमके काय करते, याचा उलगडा अमेरिकन सरकारच्या बेथेस्डा येथील आरोग्यसंस्थेत झाला. तेथे रॉबर्ट बोमन यांनी अतिसूक्ष्म मात्रेतील द्रव्याची प्रस्फुरणावरून मोजणी करणारे यंत्र तयार केले होते. त्याच्या साह्याने आल्फ्रेड प्लेचर, पार्कहर्स्ट शोर आणि बर्नार्ड ब्रॉडी यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले की, रिसर्पिन दिलेल्या सशाच्या मेंदूतील सेरोटोनिनचा साठा बव्हंशी रिता होतो. मेंदूतील एका रसायनाची मात्रा आणि प्राण्याचे वर्तन यांची सांगड अशा प्रत्यक्ष रीतीने घातली गेल्याचे उदाहरण त्यापूर्वी नव्हते. रिसर्पिन घेणारे रक्तदाबाचे काही रुग्ण खिन्न होतात असे अहवाल त्याच काळी येऊ लागले होते. तेव्हा सेरोटोनिन गेले की मन खचते, हे अनुमान जवळजवळ आपोआपच तयार झाले.

परंतु त्या पुराव्यातील छिद्रे आरंभापासूनच उघडी होती. त्याच १९५५ साली लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांवर रिसर्पिनची नियंत्रित चाचणी घेतली, तेव्हा ते रुग्ण खचण्याऐवजी सुधारले. पुढे १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना डोपामिन या मेंदूतील दुसऱ्या द्रव्याचे पूर्वद्रव्य दिले तेव्हा ते हालचाल करू लागले, आणि सेरोटोनिनचे पूर्वद्रव्य दिले तेव्हा मात्र ते तसेच पडून राहिले. रिसर्पिन एकाच वेळी अनेक कोठारे लुटते, आणि त्यांपैकी कोणत्या लुटीने कोणती हानी झाली हे ठरविणे सोपे नाही, ही गोष्ट या प्रयोगांत स्पष्ट होती. तथापि या दोन्ही निबंधांकडे सिद्धान्त रचणाऱ्यांनी द्यावे तितके लक्ष दिले नाही.

दुसऱ्या बाजूने औषधे येत होती, आणि तीही योगायोगाने. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवे औषध देण्यात आले, तेव्हा जर्जर रुग्णांना उत्साह वाटू लागला; ते औषध सेरोटोनिनादी द्रव्यांचे विघटन करणाऱ्या विकराला अडविते, हेही त्याच वर्षी उघड झाले. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन या सरोवरकाठच्या गावी रोलान्ड कून यांनी गायगी कंपनीचे इमिप्रामिन तीव्र खिन्नतेच्या रुग्णांना दिले आणि १९५७ मध्ये त्याचे गुणकारित्व जाहीर केले. आधी औषध आणि मागाहून उपपत्ती, असा हा क्रम होता. इंग्लंडमध्ये ॲलेक कॉपेन यांनी १९६७ मध्ये लिहिलेल्या विस्तृत निबंधात नैराश्यातील सेरोटोनिनच्या सहभागाचा पुरावा एकत्र केला. दोन वर्षांनी रशियातील लापिन आणि ऑक्सेनक्रुग यांनीही तोच पक्ष मांडला. दरम्यान १९६४ मध्ये स्वीडनच्या डालस्ट्रॉम आणि फुक्से यांनी प्रस्फुरणाच्या पद्धतीने सेरोटोनिनच्या चेतापेशींचा नकाशाच काढला: त्या मूठभर पेशी मस्तिष्कस्तंभाच्या मध्यरेषेवर, राफे या केंद्रांत, वसलेल्या असून त्यांचे तंतू मेंदूच्या सर्व मुलखांत पोहोचतात.

उपपत्ती अशी उभी राहिली. तिची परीक्षा करावयाची कशी, हा प्रश्न मात्र अनुत्तरित होता. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढता येत नाही. म्हणून संशोधक आडमार्गांनी जात. कोणी आत्महत्या केलेल्या दुर्दैवी माणसांच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी करी, कोणी रक्तपट्टिकांना मेंदूचे प्रतिनिधी मानून त्यांची परीक्षा घेई, कोणी पाठीच्या कण्यातून मेरुद्रव काढून त्यात सेरोटोनिनचा अवशेष मोजी. या शेवटच्या मार्गाने स्टॉकहोमच्या मारी ओसबेर्ग यांनी १९७६ मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले: ज्या खिन्न रुग्णांच्या मेरुद्रवात हा अवशेष कमी होता, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न, विशेषतः हिंसक उपायांनी केलेले, अधिक होते. हे निरीक्षण मोलाचे होते. परंतु कण्याच्या तळाशी सापडलेल्या अवशेषावरून मेंदूच्या कोणत्या भागात काय चालले आहे हे सांगणे कोणालाही शक्य नव्हते.

जिवंत मेंदूत थेट मोजणी करण्याचा मार्ग पदार्थविज्ञानाने खुला केला. डिरॅक यांच्या समीकरणांतून सूचित झालेला आणि १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना प्रत्यक्ष सापडलेला पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनचाच धनभारित जोडीदार होय; त्या दोघांच्या विकिरणाचे गणित १९३६ मध्ये प्रसिद्ध करणारे तरुण शास्त्रज्ञ म्हणजे आपल्या मुंबईचे होमी भाभा होत, आणि ती प्रक्रिया आजही जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पॉझिट्रॉन ऊतीतील इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नाश पावतात आणि त्यांच्या जागी गॅमा किरणांचे दोन कण परस्परविरुद्ध दिशांनी, प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा घेऊन, निघतात. डोक्याभोवती संवेदकांचे कडे बसविले आणि एकाच क्षणी समोरासमोर नोंदल्या गेलेल्या जोड्याच तेवढ्या हिशेबात धरल्या, तर त्या नाशाची जागा कोणत्या रेषेवर होती हे कळते. आणि अशा लक्षावधी रेषांवरून गणिताने आतील चित्र उभे करता येते. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात मायकेल टेर-पोगोसियन, मायकेल फेल्प्स आणि एडवर्ड हॉफमन यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास या तत्त्वावर यंत्र उभारले. तेच आज पेट या संक्षिप्त नावाने रुग्णालयांत परिचित आहे.

यंत्राइतकेच अवघड काम होते ते मेंदूत पाठवावयाच्या दूताचे. सेरोटोनिनचा संदेश स्वीकारणाऱ्या एखाद्या विशिष्ट ग्राहकाला चिकटेल, दुसऱ्या कशालाही चिकटणार नाही, रक्तातून मेंदूत सहज जाईल आणि मेंदूचे काम यत्किंचितही बदलणार नाही इतक्या अल्प मात्रेत देता येईल, असे द्रव्य निवडून त्यात कार्बन-११ हा किरणोत्सारी समस्थानिक गुंफावयाचा असतो. कार्बन-११ चे अर्धायुष्य अवघे २० मिनिटांचे. सायक्लोट्रॉनमध्ये तो निर्माण झाला की शिशाच्या जाड भिंतींआड त्याचे रासायनिक संयोजन, शुद्धीकरण आणि तपासणी उरकून सुईवाटे तो रुग्णाच्या शिरेत पोहोचेपर्यंत त्याचा मोठा अंश विझून गेलेला असतो. म्हणून सायक्लोट्रॉन, रसायनशाळा आणि रुग्णालय एकाच आवारात असल्यावाचून हे संशोधन होत नाही, आणि म्हणूनच जगातील मोजक्याच संस्थांना ते साधले. २५ मे १९८३ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत हेन्री वॅग्नर यांनी स्वतःच यंत्रात डोके ठेवून आपल्या मेंदूतील डोपामिनच्या ग्राहकांचे चित्र घेवविले. त्यासाठी वापरलेले द्रव्य मेंदूच्या बाह्यकात सेरोटोनिनच्या एका जातीच्या ग्राहकांनाही चिकटत असल्यामुळे त्या प्रयोगाने सेरोटोनिनच्या चित्रणाचीही वाट दाखविली.

चित्रणाचे शास्त्र असे पावले टाकीत असताना बाजारपेठ मात्र पुढे निघून गेली होती. सेरोटोनिनचे पुनर्ग्रहण, म्हणजे सुटलेले सेरोटोनिन पेशींनी परत आत घेणे, तेवढे अडविणाऱ्या औषधांपैकी पहिले, झिमेलिडिन, हे कार्लसन यांच्या प्रेरणेने निर्माण झाले होते; मज्जातंतूंचा एक गंभीर विकार दुष्परिणाम म्हणून दिसल्याने ते १९८३ मध्ये मागे घेण्यात आले. लिली कंपनीच्या फ्लुऑक्सेटिनला अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस परवानगी मिळाली आणि प्रोझॅक या नावाने ते जगभर गेले. १९९७ मध्ये त्या देशात दूरचित्रवाणीवरील औषधांच्या जाहिरातींचे नियम शिथिल झाल्यावर तर 'रासायनिक असंतुलन' हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला. संशोधकांच्या निबंधांत जे अनुमान अनेक अटींसह मांडलेले होते, ते जाहिरातींत सर्व अटी गाळून अवतरले. आणि सेरोटोनिन कमी झाले म्हणजे नैराश्य, ते भरून काढले म्हणजे आरोग्य, अशी सरळ समजूत लोकमानसात स्थिर झाली.

या समजुतीची पहिली मोठी मोजणी सेरोटोनिनच्या '१-ए' प्रकारच्या ग्राहकांवर झाली. राफे केंद्रातील पेशींवर बसून हे ग्राहक त्या पेशींच्या संदेशप्रेषणाला आवर घालतात, आणि हिप्पोकॅम्पस व बाह्यक येथे संदेश स्वीकारण्याचे काम करतात. म्हणून सिद्धान्ताच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व विशेष होते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९९० नंतरच्या दशकात त्यांच्यासाठी कार्बन-११ युक्त उत्तम द्रव्य सिद्ध झाले. १९९९ मध्ये पिट्सबर्गच्या वेन ड्रेव्हेट्स यांनी जाहीर केले की, आनुवंशिक नैराश्याच्या रुग्णांत या ग्राहकांची बंधनक्षमता राफे केंद्रात ४२ टक्क्यांनी आणि शंखखंडाच्या आतील भागात २७ टक्क्यांनी कमी आढळते. २००० मध्ये हॅमरस्मिथच्या संशोधकांनाही घट आढळली. आणि विशेष म्हणजे औषध घेत असलेल्या रुग्णांतही ती तशीच होती. दोन स्वतंत्र ठिकाणची साक्ष जुळली, तेव्हा प्रश्न सुटत आला असे अनेकांस वाटले असेल तर त्यात नवल नाही.

परंतु २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून रॅमिन पार्सी आणि त्यांचे सहकारी यांनी नेमका उलट निर्णय दिला: ज्यांनी पूर्वी कधीही नैराश्यावरील औषध घेतले नव्हते, अशा रुग्णांत हेच ग्राहक निरोगी माणसांपेक्षा अधिक आढळत होते. या विरोधाचे मूळ शोधताना जी गोष्ट उजेडात आली ती या सबंध विद्येचा पाया समजण्यास उपयोगी आहे. ग्राहकाला चिकटलेले द्रव्य आणि नुसतेच ऊतीत तरंगणारे द्रव्य यांचा भेद करण्यासाठी मेंदूतील असा एक भाग आधारासाठी निवडावा लागतो की जेथे ते ग्राहक जवळजवळ नाहीत. बहुधा अनुमस्तिष्क हा तो भाग असतो. टेकडीची उंची पायथा कोठे धरला यावर जशी बदलते, तसे येथेही झाले. अनुमस्तिष्काच्या करड्या भागात थोडे ग्राहक असतात, शुभ्र भागात त्याहून कमी. आणि एक भाग आधार मानला तर रुग्णांत घट, दुसरा मानला तर वाढ, असा निष्कर्षाचा ओघ फिरू शकतो. यात कोणाचा अप्रामाणिकपणा नव्हता. दोन्ही पक्षांनी आपल्या गणिताच्या पद्धती उघड मांडल्या होत्या, म्हणूनच मतभेदाचे कारण सापडू शकले.

मोजणीचा दुसरा विषय होता सेरोटोनिनचा वाहक, म्हणजे पेशींमधील फटीत सुटलेले सेरोटोनिन परत आत ओढून घेणारे प्रथिन. प्रचलित औषधे नेमके यालाच अडवितात. येल विद्यापीठाच्या संशोधकांना १९९८ मध्ये खिन्न रुग्णांच्या मस्तिष्कस्तंभात तो कमी आढळला. पुढील अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळले नाहीत. टोरँटो येथे या वाहकासाठी अधिक चोखंदळ द्रव्य तयार झाले, आणि त्याच्या आधारे जेफ्री मायर यांनी जे सिद्ध केले ते या क्षेत्रातील सर्वांत भरवशाचे ज्ञान म्हणता येईल. पाच निरनिराळ्या औषधांची नेहमीची किमान उपचारमात्रा घेणाऱ्यांत, औषध कोणतेही असो, सुमारे ८० टक्के वाहक व्यापलेले आढळले, आणि मात्रा त्यापुढे वाढविली तरी व्याप्ती फारशी वाढत नव्हती. वैद्यांनी अनुभवाने ठरविलेली मात्रा आणि यंत्राने मोजलेली व्याप्ती यांचा असा मेळ बसला, ही चित्रणशास्त्राची निर्विवाद मिळकत होय. मात्र याच निष्कर्षातून एक कोडेही उभे राहते. वाहक काही तासांत अडविला जातो, तर मन सावरण्यास आठवडे लागतात. मधल्या काळात मेंदूत जे बदल घडतात त्यांचा हिशेब नुसत्या कमतरतेच्या भाषेत मांडता येत नाही.

चिंताविकारांच्या चित्रणाने हे कोडे अधिकच गहिरे केले. २००४ मध्ये बेथेस्डा येथे अकस्मात् येणाऱ्या तीव्र भीतीच्या, म्हणजे पॅनिक विकाराच्या रुग्णांत '१-ए' ग्राहक राफे केंद्र आणि सिंग्युलेट बाह्यक येथे जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी आढळले. व्हिएन्नातील संशोधकांना २००७ मध्ये समाजभयाच्या रुग्णांतही अमिग्डाला या भीतीच्या प्रमुख केंद्रात व अन्य भागांत अशीच घट दिसली. कमतरतेच्या पक्षाला हे पोषक वाटले असते. परंतु २०१५ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील फ्रेडरिक्सन, फुरमार्क आणि त्यांचे सहकारी यांनी किरणोत्सारी पूर्वद्रव्य वापरून सेरोटोनिन प्रत्यक्ष किती वेगाने तयार होते हे मोजले, तेव्हा समाजभयाने पीडित माणसांच्या अमिग्डालात त्याची निर्मिती निरोगी माणसांपेक्षा अधिक असल्याचे आढळले. ज्या विकारावर सेरोटोनिन वाढविणारी मानली गेलेली औषधे गुणकारी ठरतात, त्याच विकारात ते आधीच अधिक तयार होत असल्याचा हा पुरावा होता. एका शब्दात सांगता येणारी उपपत्ती येथे अपुरी पडली, हे मान्य करणेच प्राप्त आहे.

येथवर वर्णिलेल्या चित्रांत ग्राहक मोजले गेले, वाहक मोजला गेला, निर्मितीचा वेग मोजला गेला. पेशींमधील फटीत प्रत्यक्ष सुटणारे सेरोटोनिन मात्र हाती लागत नव्हते. ते अप्रत्यक्षपणे पकडण्याची युक्ती कोपनहेगनमध्ये सिद्ध झालेल्या एका द्रव्याने साध्य झाली. हे द्रव्य ग्राहकाला चिकटते. त्यानंतर ॲम्फेटामिन देऊन सेरोटोनिन सोडावयास लावले, तर सुटलेले सेरोटोनिन त्या द्रव्याला जागेवरून हटविते, आणि चित्रातील घट ही सुटलेल्या सेरोटोनिनची खूण ठरते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात डेव्हिड एरित्झो आणि त्यांचे सहकारी यांनी २० निरोगी व १७ खिन्न व्यक्तींची अशी परीक्षा घेतली, आणि २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या निबंधात निरोगी माणसांत दिसणारी ही घट रुग्णांच्या गटात तशी दिसत नाही असे नोंदविले. सेरोटोनिनचे विसर्जन मंदावल्याचा जिवंत मेंदूतील हा पहिला थेट पुरावा असा त्याचा दावा होता. परंतु रुग्णांची संख्या लहान होती, त्यांतील पाच जणांना कंपवातही होता, आणि एका अभ्यासावर सिद्धान्ताची इमारत पुन्हा उभी करणे घाईचे ठरेल, असा इशारा अन्य अभ्यासकांनी दिला. तो न्याय्य आहे.

त्याच वर्षी, या निबंधाच्या काही महिने आधी, लंडनच्याच जोआना मॉन्क्रिफ आणि त्यांचे सहकारी यांनी उपलब्ध पुराव्याचा व्यापक आढावा घेऊन, नैराश्य हे सेरोटोनिनच्या कमतरतेने होते या मताला सुसंगत आधार नाही, असा निष्कर्ष जाहीर केला होता. त्यावर मोठा वाद माजला. विरोधकांचे म्हणणे असे की, निरनिराळ्या पद्धतींचे पुरावे एकाच मापाने तोलले गेले आणि काही महत्त्वाचे प्रयोग बाजूला राहिले. उदाहरणार्थ, १९९० मध्ये येल येथे असे दिसले होते की, औषधाने बरे झालेल्या रुग्णांच्या आहारातून सेरोटोनिनचे पूर्वद्रव्य असलेले ट्रिप्टोफॅन काही तासांपुरते काढून घेतले, तर त्यांतील अनेकांत नैराश्याची लक्षणे तात्पुरती परत येतात. निरोगी माणसांत मात्र तसे सामान्यतः होत नाही. या प्रयोगाचा अर्थ असा की, सेरोटोनिनचा संबंध आहे, परंतु तो एकटा पुरेसा नाही. आणि माझ्या मते सत्य याच सीमेवर कोठे तरी उभे आहे.

या सर्व वृत्तान्तातून वाचकाने काय घ्यावे, हे स्पष्ट सांगणे लेखकाचे कर्तव्य आहे. चित्रांत दिसणारा भेद हा गटागटांच्या सरासरीतील भेद असतो. रुग्णांची आणि निरोगी माणसांची मापे परस्परांत इतकी मिसळलेली असतात की, एका व्यक्तीचे चित्र पाहून तिला नैराश्य आहे किंवा नाही हे सांगता येत नाही. भारतातील पहिले सायक्लोट्रॉनयुक्त पेट केंद्र २००२ मध्ये मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किरणोत्सारी वैद्यक केंद्रात सुरू झाले आणि आज अशी यंत्रे अनेक शहरांत आहेत. ती प्रामुख्याने कर्करोगासारख्या व्याधींच्या निदानासाठी आहेत, आणि मेंदूतील सेरोटोनिन मोजून नैराश्याचे निदान करून देतो असे कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. नैराश्याचे निदान आजही जाणत्या वैद्याने रुग्णाशी शांतपणे बोलूनच होते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. औषध गुणकारी आहे की नाही हा एक प्रश्न, आणि ते का गुणकारी आहे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर रुग्णांवरील नियंत्रित चाचण्या देतात, दुसऱ्याचे उत्तर शोधण्यात चित्रणशास्त्र गुंतलेले आहे. कमतरतेची साधी उपपत्ती डळमळीत झाली, सबब औषधे व्यर्थ आहेत, असा तर्क करून पुष्कळांनी ती आपल्या मनानेच बंद केली असतील, आणि अशा एकाएकी बंद करण्याने शरीराला व मनाला त्रास होतो, क्वचित आजार उलटतोही. म्हणून ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, मात्रेत बदल करावयाचा असो वा औषध थांबवावयाचे असो, तो निर्णय आपल्या वैद्याच्या सल्ल्याने आणि सावकाशीनेच घ्यावा. आणि ज्यांच्या घरी कोणी महिनोन् महिने खिन्न किंवा भयग्रस्त आहे, त्यांनी त्या दुःखाला पुराव्यासाठी चित्राची गरज आहे असे मानू नये, तर त्या माणसाला उपचारापर्यंत पोहोचविण्यास आजच हात द्यावा.